साडूंचा पाच पॉइंट नऊ

...नाही, पण मी काय म्हणतो, जी गोष्ट चालतेय तिला मार्क द्यायचेच कशाला? पंख्याला देतो का आपण? दाराच्या कडीला देतो? कडी लागते, दार बंद होतं, विषय संपला! येतं का कोणी विचारायला, 'काय हो, तुमच्या कडीला दहापैकी किती?' मग माझ्या कॉम्प्युटरनंच कुणाचं काय घोडं मारलं होतं? चालत होता हो बिचारा! आणि माझं आयुष्यभराचं धोरण एकच आहे, तुम्हाला सांगतो, चालतंय ना? मग! चष्म्याची काडी निघाली, दोरा बांधला... चालतंय ना? मग! खिडकी लागत नाही, पुठ्ठ्याची घडी घातली... चालतंय ना? मग! उगाच चालत्या गाड्याला खीळ कोण घालतो? आमची बायको घालते. म्हणजे ती नाही, तिची ताई घालते. म्हणजे ताईपण नाही, ताईचा नवरा... थांबा, नीट सांगतो.

माझा धंदा स्वयंपाकघरांचा. लोकांच्या घरातल्या स्वयंपाकघराची मापं बायको घेऊन येते आणि मी ते कॉम्प्युटरवर उभं करतो. कपाटं, ओटा, सिंक, सगळं खऱ्यासारखं. गिऱ्हाईक शेजारी बसतं, मी म्हणतो, 'आता तुम्ही दारातून आत येताय बरं का,' आणि माऊस फिरवतो. की स्वयंपाकघर फिरतं. आता... फिरायला जरा वेळ घेतं, कबूल! अर्धं फिरतं आणि थबकतं. सिंक भिंतीत, गॅस अधांतरी, फ्रिज कुठेच नाही. मग तेवढ्यात मी गप्पा मारतो. 'तुम्ही डावखुऱ्या का हो? भाजी चिरताना उजेड कुठून येतो? उंचावरचे डबे कोण काढतं, तुम्ही की हे?' आणि तुम्हाला सांगतो, ह्या गप्पांवर माझा धंदा उभा आहे! लोक बाहेर जाऊन सांगतात, 'काय बारीक चौकशी करतात हो!' अहो, चौकशी कसली डोंबलाची, मी फ्रिज यायची वाट बघत असतो!

तर एकदा काय झालं, एका बाईंच्या फ्रिजला जरा जास्तच उशीर झाला. माझे सगळे प्रश्न संपले. हवापाणी झालं, मुलांची शिक्षणं झाली, गुडघेदुखी झाली... आणि बघतो तर बाई खुर्चीत झोपलेल्या! अगदी मान टाकून! आणि नेमका तेव्हाच फ्रिज आला. आता मला सांगा, झोपलेल्या माणसाला उठवून फ्रिज दाखवायचा कसा? मी खाकरलो, तर बाई दचकून उठल्या, म्हणाल्या, 'आलं का माझं स्टेशन?' आणि जे गेल्या, त्या गेल्याच.

बायकोनं ते ताईला सांगितलं. तिला म्हणजे कुठलीही गोष्ट ताईला सांगितल्याशिवाय घडल्यासारखीच वाटत नाही. ताईनं ती नवऱ्याला सांगितली. ताईचे यजमान, म्हणजे आमचे साडू. ह्यांना सगळे नातेवाईक पाठीमागे 'लेटेस्ट' म्हणतात, कारण बाजारात जे जे म्हणून नवीन येतं ते आधी ह्यांच्या घरात येतं आणि मग दुकानात. आता नवीन आलं की जुन्याचं काय करायचं? बरोबर! आमच्याकडे पाठवायचं! आमच्या घरातला सोफा साडूंचा. कधीही आले की त्यावर बसतात, हातावर हात फिरवतात, म्हणजे सोफ्याच्या, आणि म्हणतात, 'टिकलाय हो आमचा सोफा!' आमचा! फ्रिज साडूंचा. उघडतात, आत डोकावतात, 'थंड करतो ना अजून आमचा?' मी पाहुण्यासारखा उभा! इस्त्री साडूंची. परवा कपडे घातल्यावर मला म्हणाले, 'वा, कडक!' आता त्यात माझं कौतुक होतं की इस्त्रीचं?

तर साडूंचा फोन. स्पीकरवर. आमच्याकडे फोन स्पीकरवरच असतो, खाजगी काही नाही. 'अहो, आमचा जुना कॉम्प्युटर पडूनच आहे, मी परवाच नवा घेतला. घेऊन येतो!' मी म्हटलं, 'नको हो, आमचा आहे ना.' 'किती आहे तुमचा?' 'एकच आहे.' 'तसं नाही हो! आकडा किती?' मी म्हटलं, कसला आकडा? तर हसले. फोनवर हसलेलं जास्त लागतं, अनुभव आहे तुम्हाला? 'अहो, प्रत्येक कॉम्प्युटरच्या आतच सोय असते! सेटिंगमध्ये जा, परफॉर्मन्सवर जा, तो स्वतःच स्वतःची तपासणी करतो आणि आकडा देतो. आमच्या जुन्याचा आहे पाच पॉइंट नऊ.' हे 'पाच पॉइंट नऊ' असं म्हणाले, जणू मुलगी सातासमुद्रापार दिलीय!

सोफा ठीक आहे हो. फ्रिज ठीक आहे. पण उद्या माझं काम, माझी रोजीरोटी साडूंच्या मशीनवर? मरेपर्यंत ऐकायचं, 'करतो ना हो कामं आमचा?' म्हणजे मी करत नाही, तो करतो! मी बायकोला म्हटलं, 'अगं, चालतंय ना? मग!' ती म्हणाली, 'बाई घोरल्या त्या.' मी म्हटलं, 'घोरल्या नाहीत, डोळा लागला.' तेव्हा तिनं निकाल दिला. 'अहो, तुमचाही आकडा काढा. आपला जास्त आला तर भाऊजींना मी स्वतः नाही म्हणते. कमी आला तर त्यांचा टेबलावर, आपला माळ्यावर.' झालं. म्हणजे ह्या वयात माझी परीक्षा!

आणि घरात परीक्षा म्हटल्यावर बाबांना जे स्फुरण चढलं! आमचे बाबा, म्हणजे माझे वडील, निवृत्त हेडमास्तर. शाळेतून निवृत्त झाले, हेडमास्तरकीतून नाही. आले, हात मागे बांधून उभे राहिले. 'विषय किती?' मी म्हटलं, 'पाच आहेत बाबा. प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स, खेळांचं ग्राफिक्स आणि हार्ड डिस्क.' 'खेळपण? वा! तयारी करून घेतलीस?'

तयारी! आता हसू नका, पण केली मी. कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, रंगाच्या ब्रशनं धूळ काढली, आतून एक बटण निघालं शर्टाचं. माझंच. ते कधी हरवलं होतं, त्यावरून घरात केवढं महाभारत झालं होतं! समोर टेबलफॅन लावला, म्हटलं डोकं थंड राहू दे. आतले सगळे प्रोग्राम बंद केले. स्क्रीनवरचा डोंगराचा फोटो काढून काळा रंग टाकला, उगाच डोंगराचं ओझं नको! आणि सगळ्यांना तंबी दिली, 'तपासणी चालू असताना कुणी माऊसला हात लावायचा नाही. हलवायचं नाही. काही करायचं नाही!'

आणि दाबलं बटण. स्क्रीन काळी झाली. मग लुकलुकली. मग रंगीबेरंगी काहीतरी फिरायला लागलं, परत काळी. आतून घर्र घर्र आवाज. आणि बायकोच्या हातात फोन, स्पीकर चालू, पलीकडे ताई आणि लेटेस्ट, आणि हिची कॉमेंट्री, 'हं, काळं झालंय... आता घरघरतोय... नाही गं, हे नाही, कॉम्प्युटर!' पलीकडून साडू, 'आकडा काय आला?' 'अजून नाही आला भाऊजी.' 'आमचा लगेच आला होता.'

आणि इतक्यात स्क्रीन काळी झाली ती काळीच राहिली. आणि बाबा! बाबा पुढे झाले, आणि वर्गात पेंगणाऱ्या पोराला द्यावी तशी त्यांनी कॉम्प्युटरच्या पाठीत एक थाप दिली. 'हं! ऊठ!' अहो, कडाड आवाज! स्क्रीनवर पाटी आली, तपासणी पूर्ण होऊ शकली नाही. मी म्हटलं, 'बाबा! हात लावू नका म्हटलं होतं ना!' तर म्हणतात, 'माऊसला म्हणाला होतास.' बरोबर आहे! हेडमास्तर! पलीकडून साडू, 'काय झालं? बंद पडला का? आणू का आमचा?'

परत बटण. परत काळं, परत घरघर. बाबांना मी सोफ्यावर बसवलं, साडूंच्या. आणि आले हो! आले आकडे! तुम्हाला सांगतो, माझे डोळे भरून आले. प्रोसेसर, सहा पॉइंट एक! मेमरी, सहा! ग्राफिक्स, सहा पॉइंट तीन! खेळ, सहा पॉइंट दोन! मी उठून उभा! मी म्हटलं, 'साडूबुवा, ऐकताय का? सहा! सहा! सहा! सहा!' फोनमध्ये अशी शांतता मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. मग बायको म्हणाली, 'अहो, खाली अजून एक आहे.' हार्ड डिस्क. दोन.

दोन पॉइंट शून्य. ठीक आहे, म्हटलं! असतो एखादा विषय कच्चा! चार सहा आणि एक दोन, सरासरी काढा, पाचाच्या वर जातेच! पण शेजारी मोठ्या चौकटीत, मोठ्या अक्षरात, एकूण निकाल... दोन! मी म्हटलं हे कसं काय? हिशेब चुकला याचा! तर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, 'एकूण आकडा हा सर्वांत कमी आकड्यावरून ठरतो.' वाचलं का तुम्ही कधी असं? सगळ्यात कमी तोच एकूण! अहो, ही कुठली पद्धत? म्हणजे चौघं जण घाम गाळतायत आणि कोपऱ्यातला एक झोपलाय, तर सगळ्यांना झोपलेल्याचे मार्क? मी बाबांकडे आशेनं बघितलं, म्हटलं मास्तर माणूस, अन्याय कळेल! बाबा म्हणाले, 'योग्य आहे. एका विषयात नापास तो नापास. तुझं तरी काय होतं? सगळं ठीक, गणितात लोळण.' आणि बायको? बायको त्या ओळीकडे अशी बघत होती की जणू वर्षानुवर्षं तिला जे म्हणायचं होतं ते कुणीतरी छापून दिलंय. 'बरोबरच आहे,' म्हणाली. 'घराचंही असंच असतं.' चालत होता हो तो! आकडा कळायच्या आधी चांगला चालत होता!

पलीकडून साडू, 'आकडा काय आला?' बायको म्हणाली, 'दोन.' मी ओरडलो, 'दोन पॉइंट शून्य!' साडू म्हणाले, 'पॉइंट शून्यनं काय फरक पडतो हो?'

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजर! गाडीत पुढच्या सीटवर तो कॉम्प्युटर, त्याला सीटबेल्ट लावलेला, वर शाल! आणि ताई मागच्या सीटवर, पाय पोटाशी घेऊन! बाबा दारातच म्हणाले, 'या या, लेटेस्टराव!' मी जीभ चावली. पण साडूंना ते बिरुद आवडलं हो! खूश झाले! आत आले, माझा कॉम्प्युटर उचलून खाली ठेवला, जमिनीवर, केरसुणीशेजारी, आणि त्यांचा टेबलावर. शाल काढली. सुरू केला. 'हं, बघा आता.' आणि खरंच, मोठ्या चौकटीत, मोठ्या अक्षरात, पाच पॉइंट नऊ. मी खाली बघितलं. माझा तिथं अंधारात गप्प बसलेला. तुम्हाला सांगतो, मला वाईट वाटलं. यंत्राबद्दल कोणाला वाईट वाटतं का? मला वाटलं. सहा काढले होते हो त्यानं, चार विषयांत.

पण माणसाला एकदा बारीक अक्षरं वाचायची सवय लागली की सुटत नाही! मी चष्म्याचा दोरा घट्ट केला, वाकून बघितलं, तर त्या पाच पॉइंट नऊच्या खाली एक ओळ. 'हा निकाल जुना आहे. यंत्रात बदल झालेला आढळतो. पुन्हा तपासणी करा.' मी म्हटलं, 'साडूबुवा, इथं काहीतरी लिहिलंय.' 'ते सगळ्यांनाच येतं,' म्हणाले. जरा पटकन म्हणाले. मी म्हटलं, 'आम्हाला नाही आलं.' 'असू दे हो, चालतंय ना?' म्हणाले. बघा! माझं वाक्य! माझंच वाक्य माझ्यासमोर! पण मागून हेडमास्तरांचा आवाज आला, 'फेरपरीक्षा!' आणि बाबांनी स्वतः पुढे होऊन बटण दाबलं.

काळं. लुकलुक. ह्या वेळी कुणी थाप मारली नाही. साडू सोफ्यावर बसले होते, पण हातावर हात फिरवत नव्हते. आणि निकाल आला... एक! एक पॉइंट शून्य! डिस्क पाच पॉइंट नऊ, ती आपली जागच्या जागी, पण ग्राफिक्सचा भोपळा! म्हणजे भोपळाच म्हणायचा, एकच्या खाली तिथं काही नसतंच! आता ताई बोलल्या. ताई सहसा बोलत नाहीत, पण मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन आल्या होत्या ना! म्हणाल्या, 'अहो, ते ग्राफिक्सचं चांगलं कार्ड तुम्ही काढून नव्या मशीनमध्ये नाही का बसवलंत?' मी मनातल्या मनात नाचलो, अगदी खरं सांगतो. मी म्हटलं, 'साडूबुवा, आमचा दोन. पॉइंट शून्य.' दुप्पट! सरळ सरळ दुप्पट!

आणि मग साडूंकडे बघितलं. ते ती शाल घडी करत होते. परत परत तीच घडी. म्हणाले, 'मला वाटलं, तुमच्या उपयोगी पडेल.' आणि माझा नाच थांबला. अहो, माणूस फुशारकी मारतो, पण सीटबेल्ट लावून आणलं होतं हो त्यानं.

आता अशा वेळी काय करायचं असतं? चहा करायचा असतो. पण आमच्या बायकोनं स्क्रूड्रायव्हर आणला. म्हणाली, 'ह्यांची डिस्क दोन, बाकी सगळे सहा. भाऊजींची डिस्क पाच पॉइंट नऊ, बाकी काय ते देव जाणे. मग एवढा विचार काय करताय? काढा ती आणि घाला ह्यात.' आम्ही दोघं साडू टेबलाखाली, डोक्याला डोकी लागतायत, एक स्क्रू माझ्या हातात, एक त्यांच्या तोंडात, बाबा वरून टॉर्च धरून, 'घाई नको, पेपर नीट वाचा!' आणि बसवली. सुरू केला, आणि तुम्हाला सांगतो, उठला! पहिल्या फटक्यात! तपासणी केली. एकूण आकडा... पाच पॉइंट नऊ! साडू टाळ्या वाजवायला लागले. 'बघा! आलाच की नाही आमचा आकडा!' म्हणजे मशीन माझं, प्रोसेसर माझा, मेमरी माझी, आणि आकडा? आकडा साडूंचा! सगळ्यात कमी तोच एकूण!

बरं, माझी स्वयंपाकघरं त्या डिस्कवर चढवल्यावर चालतोय कसा? विचारू नका! माऊस फिरवायच्या आत स्वयंपाकघर गोल फिरून येतं. फ्रिज तर गिऱ्हाइकाच्या आधी हजर असतो. आता मला गप्पाच मारता येत नाहीत! परवा एकजण म्हणाले, 'पूर्वी तुम्ही जरा जास्त आपुलकीनं विचारायचात.'

पण खरी मेख पुढेच आहे. डिस्क साडूंची ना? मग त्यावरचं सगळं साडूंचं! सकाळी कॉम्प्युटर लावला, की स्क्रीनभर कोण? लेटेस्ट! काळा चष्मा, होडीत उभे, एक पाय पुढे, आणि खाली लिहिलेलं, 'सुस्वागतम!' माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझं स्वागत हे करणार! आणि पासवर्ड! फोन करून विचारला, तर लाजले की हो. मग हळूच म्हणाले, 'मीच नंबर एक. सगळं जोडून.' रोज सकाळी, ह्या दहा बोटांनी, त्यांच्या फोटोकडे बघत मी टाइप करतो, मीच नंबर एक! आणि कोण? ते! आणि आठवड्यातून एकदा फोन, 'काय म्हणतोय आपला?' आधी 'आमचा' होता, आता 'आपला' झालाय! प्रगती आहे.

काल त्या बाई आल्या. हो हो, त्याच, झोपलेल्या! बायकोनं जाऊन परत गोळा करून आणलं. बसल्या, मी कॉम्प्युटर लावला, तो होडीवाला फोटो आला. बाई अदबीनं सरसावून बसल्या. म्हणाल्या, 'हे मालक का तुमचे?' आता सांगा, काय सांगणार? डिस्कपासून सगळी कथा सांगायला वेळ तरी कुठे, तोवर फ्रिज आलासुद्धा होता! मी म्हटलं... 'हो.' बाईंनी जागच्या जागी काम देऊन टाकलं, जाताना म्हणाल्या, 'मालकांना नमस्कार सांगा.'

मी तसाच तरातरा आत गेलो. म्हटलं, 'हे अती झालं! आत्ताच्या आत्ता तो फोटो काढायचा, तो पासवर्ड बदलायचा, कुणाला तरी बोलाव, काय लागेल ते कर!' ही पुढच्या गिऱ्हाइकाची मापं उतरवून घेत होती. मान वर नाही केली हो तिनं. नुसतं म्हणाली,

'चालतंय ना? मग!'